निंगनिंगचं नाव

१६ मे, गुरुवार
शाळा सुरू. झेंडा, प्रार्थना, ऊन. मैदानभर मुलं आणि पुढे मी, नवी इंग्रजीची टीचर. काही वाटलं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या नोकताई म्हणाल्या, आर्लीन हे नाव इथे कुणाच्या तोंडात बसणार नाही, घरचं सांग. थायलंडमध्ये खरं नाव फक्त हजेरीपुरतं, हाक मारायची ती टोपणनावाने. माझ्या वर्गात एक बर्फ आहे, एक बेडूक, एक कोळंबी आणि दोन बँका!

आमच्या सेबू बेटावरही प्रत्येकाला घरचं नाव असतंच. माझं लेन. मी ‘निंगनिंग’ म्हणाले. तोंडून निघून गेलं.

१७ मे
वहीला तरी खरं सांगावं. निंगनिंग माझी मुलगी. चार वर्षांची होती. सप्टेंबरात डेंग्यूने गेली.

तेव्हापासून घरात ते नाव कुणी काढलेलं नाही. सासूबाईंनी तिची ताटली उचलून कुठे ठेवली, कोण जाणे. नेस्तोर, माझा नवरा, तर ‘ती’ असंही म्हणत नाही. नाव काढलं की मी कोसळेन, असं सगळ्यांना वाटायचं. मी कोसळले नाही. नोकरी शोधली.

२२ मे
मुलांनी नाव निम्मं करून टाकलं. टीचर निंग! जिन्यात, कँटीनमध्ये, संडासच्या दाराबाहेरसुद्धा! नोकताई खूश – हे तर आमच्याकडचंच नाव, म्हणजे तू अर्धी इथलीच झालीस. मी हसले. चेहऱ्याला सवय आहे.

एकटी कोळंबी पूर्ण म्हणते. टीचर निंगनिंग. सावकाश, गोळी चघळल्यासारखं.

दुपारी कच्च्या पपईचं ते जहाल तिखट सॅलड. डोळ्यांतून धारा. नोकताईंना वाटलं, घरची आठवण आली. मिरचीच होती.

२९ मे
काही नाही. भात, अंडं, झोप.

२ जून, रविवार
नेस्तोरचा फोन. दर रविवारी येतो. छप्पर, कुत्रा, सासूबाईंचा गुडघा. कधी परत येणार ते तो विचारत नाही, मी सांगत नाही. आमचा संसार आता या एका फोनवर टांगलेला आहे.

मुलं तुला काय म्हणतात, असं त्याने विचारलं. म्हटलं, टीचर म्हणतात.

खोटं नाही. पण त्याला कळलं तर? वाटेल, हिने पोरीचं नाव पळवून नेलं आणि परक्या देशात स्वतःला लावून घेतलं. तिच्या थडग्याच्या दगडावरही त्याने ते कोरू दिलं नाही. तिथे बाप्तिस्म्याचं लांबलचक नाव आहे. पुन्हा फोन करेल का तो?

१३ जून, गुरुवार
आज गुरुपूजन. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात, दूर्वा आणि वांग्याची फुलं खोचलेली तबकं घेऊन. पायाशी डोकं टेकवतात. मी लाकडासारखी बसून होते.

नंतर व्हरांड्यात आले आणि फोन वाजला. नेस्तोर. एरवी गुरुवारी कधी करत नाही. छपराचा माणूस आला होता, पत्रा कुठला घालायचा ते विचारायचं होतं. तेवढ्यात मागून वर्ग धावत आला, उरलेली फुलं घेऊन. टीचर निंग! टीचर निंग! आणि मग कोळंबी. तिचं पूर्ण.

पडद्यावर नेस्तोरचा चेहरा. मग पडदा काळा.

मला भीती वाटली. कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं, तर ते हे.

१४ जून
फोन नाही. ‘माफ कर’ असं लिहिलं आणि पुसलं.

नोकताईंनी चेहरा पाहून खोदून विचारलं. सगळं सांगितलं. त्यांनी वहीचा कोपरा दुमडला. मग म्हणाल्या, “मुलांना सांगू का मी? दुसऱ्या नावाने हाक मारायला?”

“नको!” म्हणाले. एवढ्या जोरात, की सगळी स्टाफरूम वळून बघायला लागली.

मला ते ऐकायचं असतं. दिवसभर. म्हणूनच तर मी सकाळी उठते. हे मला आज कळलं.

१६ जून, रविवार
फोन नाही. रविवार असून नाही.

१७ जून, सोमवार
सकाळी गेटवर माझी पाळी. फोन आला. नेस्तोर कामावर गेलाच नव्हता. हॅलो नाही, काही नाही.

“मुलं आली का?”

“येतायत.”

“फोन त्यांच्याकडे धर.”

धरला. एकेक जण हात जोडून आत जात होता – गुड मॉर्निंग, टीचर निंग. शेवटी कोळंबी आली. तिने पूर्ण म्हटलं.

“परत म्हणायला सांग तिला.”

तिने परत म्हटलं. मग पलीकडून तो स्वतः म्हणाला. निंगनिंग. मी गेटपाशीच खाली बसले आणि मोठ्याने रडले.