शर्टाखाली गेलेली बाही

ती. वहिनीस,

धाकट्या नणंदेचा नमस्कार (वाकूनच केलाय, पण कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसून). तुझा गुडघा कसा आहे? जिने कमी चढ. पत्र अशासाठी, की फोन केला तर दादा उचलतो, माझा आवाज ऐकून मुकाट्याने तुझ्या हातात देतो आणि शेजारी बसून सगळं ऐकतो.

तर झालं काय, शिंप्यांना कापड बेतून देणारा दादाचा नि माझा संगणकावरचा प्रोग्राम ज्या साइटवर ठेवलाय, तिथे तो कसा वापरायचा हे सांगणारी पानं आहेत. त्यांचा माळा झाला होता. इस्त्रीशेजारी कॉलर, कॉलरशेजारी तक्रारी. मला आवरायची हुक्की आली. (तुझं कपाट मी लावून दिलं, तेव्हापासून तुला चष्मा सापडत नाही, ती हीच हुक्की.) मुखपानाखाली शर्ट, शर्टाखाली कॉलर, खिसा, बाही, अशी सगळ्यांची घरं लावली आणि पत्तेही तसेच बदलले. मालक म्हणून तिथे दादाचं नाव आहे, त्याच्या मंजुरीशिवाय काही हलत नाही. माझं काम म्हणून त्याने नेहमीसारखी न वाचता मंजुरी दिली.

दुसऱ्या दिवसापासून शिंप्यांचे फोन. बाहीच्या पानाचा जुना पत्ता त्यांनी मशीनसमोर भिंतीवर चिकटवलेला, आणि तिथे आता ‘पान सापडत नाही’ एवढंच. (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट काढून द्यायची असते. ती मी विसरले.) एकाने नवरदेवाच्या शर्टाच्या बाह्या अंदाजाने बेतल्या, त्या मनगटापर्यंत पोचल्याच नाहीत. पण दादाचा राग त्यावर नाहीच. बाहीचं पान त्याने लिहिलेलं, शर्टाचं मी. तो म्हणाला, “मी तुझ्याआधी जन्मलो ना गं? मग माझं पान तुझ्या पानाखाली कसं?” तेव्हापासून अबोला.

मी मात्र अगदी मजेत आहे. तो बोलला नाही म्हणून माझं काही अडत नाही.

तुझी,
नणंद

ता. क. दुरुस्ती तयार आहे. बाही थेट मुखपानाखाली, माझ्या शर्टाच्या बरोबरीने, आणि जुना पत्ताही चालू. फक्त मंजुरी हवी, आणि माझं नाव दिसलं की तो मंजुरीसाठी आलेला निरोप उघडतच नाही. तो आंघोळीला गेला की त्याच्या संगणकावर तू उघड आणि खालचं हिरवं बटण दाब.

पुन्हा ता. क. दाबू नकोस. शिंप्यांना नवा पत्ता मी फोनवर सांगितलाय, त्यांचं भागतंय. तू दाबलंस तर सगळं जागच्या जागी येईल आणि त्याला माझ्याशी भांडायलाही काही उरणार नाही. त्याला एवढंच सांग, की या खेपेला वाचून मग हो म्हण. त्या निरोपात सगळ्यात खाली एक ओळ त्याच्यासाठी आहे.