अंगठ्यावरचा नंबर

सोमवार, ९ सप्टेंबर

अखेर नोकरी लागली! शाळेच्या खानावळीत उभं राहून राहून पायांचं वाटोळं झालं होतं, त्यापुढे हे बैठं काम म्हणजे सुखच. ऑफिस धुलाईच्या दुकानाला लागून आहे, दिवसभर साबणाचा वास येतो. गॅसची पाइपलाइन जायच्या आधी आमची माणसं तिथलं जुनं गाव खोदतात आणि निघालेली खापरं पिशव्या भरून इकडे पाठवतात. मी ती टूथब्रशने घासायची, वाळवायची आणि प्रत्येकावर साइटचा नंबर घालायचा. आधी बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका, त्यावर बारीक शाईचा नंबर, वरून पुन्हा नेलपॉलिश. मग तो पुसला जात नाही.

इमेल्दा माझी वरिष्ठ. हसत नाही, पण समजावून सांगते. हाडं आपल्याकडे येत नाहीत म्हणाली. पुरलेला माणूस सापडला की काम थांबवायचं, माती परत लोटून त्याला झाकायचं, मग इथल्या मूळ जमातीच्या वडीलधाऱ्यांना कळवायचं. आणि जे जमिनीतून आलं नाही त्यावर चुकूनही नंबर घालायचा नाही. नंबर पडला की वस्तू साइटची झाली. माझ्या आधीची बर्नडेट एका दुपारी जेवायला गेली ती परतलीच नाही. तिचा कोट अजून खुंटीवर आहे.

नोव्हेंबरात माझ्या लेकीला, मारिसोलला, बाळ होईल. माझं पहिलं नातवंड. तोवर रजा साठवायची.

मंगळवार, १७ सप्टेंबर

खोदणारी पोरं शनिवारी येतात आणि कॉफीचे कप पळवतात. मारिसोलने दिलेला निळा कप जायला नको म्हणून त्याच्या बुडाला साइटचा नंबर घालून ठेवला. आता बघू कोण हात लावतो. इमेल्दा रजेवर आहे, नाहीतर ओरडली असती.

मान धरली आहे. सगळी खापरं सारखीच दिसायला लागली आहेत.

सोमवार, २३ सप्टेंबर

कप गेलाच.

आणि आजच्या पिशवीतून परत आला. कानात मुळं शिरलेली, चिखल आत घट्ट बसलेला, बुडाला माझ्याच हातचा नंबर. खोदकामाचा मुकादम व्हर्जिल नेझ सांगत होता, जुन्या घराची जमीन अख्खी होती, कुठे चीरसुद्धा नव्हती, तिच्या खाली निघाला. साहेबांना वाटलं मीच थट्टा केली. सगळ्यांसमोर झापलं. इमेल्दा नुसती बर्नडेटच्या कोटाकडे बघत राहिली.

भांडायलाही अंगात त्राण नव्हतं. उरलेली खापरं संपवली आणि घरी आले.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सकाळी भांडी घासताना दिसलं. डाव्या अंगठ्याच्या नखावर साइटचा अख्खा नंबर.

टाक चालतोय का ते आम्ही सगळ्याजणी अंगठ्याच्या नखावर रेघ ओढून बघतो. शाई पसरू नये म्हणून मी नखावर आधी पॉलिशही लावते. काल डोकं ठिकाणावर नव्हतं, रेघेऐवजी हाताने सवयीने पूर्ण नंबर लिहिला. वर पॉलिशचा दुसरा हातही दिला. शहाणी बाई!

पॉलिश काढायचं औषध लावलं. जात नाही. ब्लेडने खरवडलं. रक्त आलं, नंबर तसाच.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

उशीवर माती. केसांतून पडते. दोनदा न्हाले.

मारिसोलचा फोन आला. बाळ लाथा मारतं म्हणाली. मी ठीक आहे म्हटलं. काय सांगणार पोरीला?

इमेल्दाला अंगठा दाखवला.  बर्नडेटनेही असंच नखावर — एवढं म्हणाली आणि उठून गेली.

सोमवार, ३० सप्टेंबर

साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिले. कप निघाला त्या घरात खोदू नका म्हटलं. पाइपलाइनवाले थांबणार नाहीत म्हणाले, आणि मला जरा विश्रांती घ्यायला सांगितलं.

दातांत कचकच. पाणी पितानाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

व्हर्जिल आत्ताच आला. भर दुपारी, काम सोडून. टोपी हातात. म्हणाला, "मावशी, डावा हात दाखवा."

दाखवला.  हळूच म्हणाला, "त्या घराखाली एक बाई निघाली. हाडांशिवाय तिचं काही उरलं नाही. डाव्या अंगठ्याचं नख तेवढं आहे. चकचकीत, वर हाच नंबर."

मी विचारलं, तिला बाहेर काढलं का. तो म्हणाला, "छे, असं कसं करू? रीतच आहे. पोरांना सांगून आलोय, झाकतायत तिला."

माझ्यासाठी पाणी आणायला गेलाय. बिचाऱ्याला वाटतं मला भोवळ आली.

छातीवर वजन — हाक मारायला गेले, आवाज नाही, तोंडात सगळी — म्हणून लिहितेय. आला की ही वही त्याच्यापुढे —

भर दुपार आहे आणि मला दिवा —

व्हर्जिल, पोरांना फोन कर. त्यांना म्हणावं फावडी खाली ठेवा, मी अजून —