शिळं पाणी

१३ एप्रिल

आलो एकदाचा! सुरतेच्या डिंडोलीतलं हे घर माझं आहे, भाड्याचं नाही, हे सकाळपासून स्वतःलाच सांगतोय. अमळनेरहून आलो तेव्हा लिंबायतच्या एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचो. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गरम गोधडीत शिरायचा. लूम चालवले, जॉबर म्हणजे कारागिरांवरचा मुकादम झालो, मग स्वतःची भरतकामाची मशिनं घेतली. आता लोक लोटूशेठ म्हणतात, मीही ओ देतो. माझा धंदा कानावर उभा राहिला. बाहेर चहा पीत सांगायचो, कोपऱ्यातल्या मशिनचा धागा तुटलाय, बघा. कारागीर म्हणायचे, शेठच्या कानांना पण हजेरी द्या.

बायकोनं, भागीरथीनं, ह्या घराचा पाया तेवढा पाहिला. श्रावणात गेली.

लेक योगिता कतारगामहून आली ती काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश घेऊन. म्हणाली, नव्या घरात काहीतरी जिवंत हवं. मी म्हटलं, मी आहे की. तर म्हणे, पप्पा, तुम्ही घरात टिकता कधी?

१५ एप्रिल

मासे सारखे वर येऊन तोंड उघडतात. मला वाटलं, भूक. चौकातल्या वाल्मिकच्या दुकानात खाऊ आणायला गेलो. हा चोपड्याचा माणूस, तोंडाळ पण जाणकार. भांड्याचा फोटो बघून त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, शेठ, तुम्हाला बादलीत बसवून भजी टाकली तर चालेल का? हे मासे वीतभर वाढतात, घाणही तेवढीच करतात. गोल भांड्यात घाण साठते, हवा कमी पडते, म्हणून वर येतात बिचारे.

मी हसलो, पण लिंबायतची खोली आठवली. मोठी टाकी घेतली. लांबट, पसरट, हवेचा पंप आणि स्पंजवालं फिल्टर लावलेली.

२० एप्रिल

टाकी हॉलमध्ये, उन्हापासून लांब ठेवली. वाल्मिकनं नियम पढवले. खाऊ चिमूटभर. सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नाही, थोडंथोडं बदलायचं. आणि नळाचं पाणी थेट नाही, त्यातलं औषध माशांना जाळतं. एक दिवस उघडं ठेवून शिळं झालेलंच पाणी घालायचं. अंगणात दोन पिंपं भरून ठेवली आहेत.

पंपाची बुडबुड मजेदार आहे. एवढ्या मोठ्या घरात माझ्याशिवाय कोणीतरी श्वास घेतंय, असं वाटतं. मासे मला ओळखू लागलेत. गेलो की काचेशी येतात.

२९ एप्रिल

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. योगिता माहेरपणाला आली आहे, महिनाभर राहणार. भागीरथी गेल्यावरची ही पहिली आखाजी, तिच्या नावाची घागर भरायची, गेलेलं माणूस येऊन ते पाणी पितं. तिला हे घर माहीत नाही, म्हणून मनात धाकधूक आहे. लिंबायतच्या जुन्या घराच्याच दाराशी जाऊन उभी राहिली तर?

आठ महिने तिनं तहान काढली. किडन्या गेल्या, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं, आणि मोजायला मीच होतो. ग्लासातल्या रेघेपर्यंत. उरलेलं ती बघत बसायची. गेली तीही तहानलेलीच. तेव्हा बाकी सणाचं काही होवो न होवो, तिला पोटभर पाणी मिळालं पाहिजे. नवी घागर आजच भरून देवाजवळ ठेवली.

३० एप्रिल

सकाळी गोंधळ झाला. सणाची सफाई म्हणून योगितानं दोन्ही पिंपांचं पाणी फरशा धुवायला वापरलं, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून पांढराशुभ्र केला. टाकी गढुळली. मासे वर येऊन हवा गिळू लागले. वाल्मिकला फोन केला तर तो ओरडलाच. म्हणे, त्या स्पंजातले जंतूच पाणी शुद्ध ठेवतात, मारले ना तुम्ही! आता लगेच थोडं पाणी बदला, पण शिळंच.

नळाला आज औषधाचा उग्र दर्प होता. शिळं पाणी घरात एकच होतं, घागरीतलं.

ते तिच्या नावाचं होतं. मग म्हटलं, ती असती तर तिनंच ओतलं असतं. मुक्या जिवाचे हाल तिला बघवत नसत. घागर टाकीत रिकामी केली आणि नळाखाली धरून पुन्हा भरली. वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आंबा ठेवला, दुपारी निखाऱ्यावर तिच्या नावाचा घास, आगारी टाकली. तिला हाक मारून जेवायला बोलावलं.

मासे वाचले. योगिता म्हणाली, पप्पा, मम्मीनंच वाचवले.

३ मे

टाकीतलं पाणी कमी होतंय. सुरतेचा उन्हाळा, उडत असेल. रोज भर घालतो, रोज चार बोटं खाली जातं. मासे खाऊकडे बघतही नाहीत.

आणि एक आवाज येतोय. पंपाचा नाही. पंप बंद करून ऐकला.

६ मे

तो आवाज घोटाचा आहे.

आधी लांब थांबणं, मग एक मोठा घोट, मग दोन छोटे. भागीरथी असंच प्यायची. पहिला घोट तोंडात धरून ठेवायची, पुरवून पुरवून. हजार मशिनांत धागा ओळखणारा मी, हा आवाज कसा चुकेन?

घर सापडलं म्हणायचं तिला. मी टाकीजवळ बसून रडलो. आनंदानंच. काठोकाठ पाणी भरलं आणि म्हटलं, पी आता, मोजणार नाही.

९ मे

मासे फुगलेत. खवले उभे राहिलेत, डोळे बाहेर आलेत. वाल्मिक येऊन बघून गेला. आज थट्टा केली नाही. म्हणाला, ह्यांच्या किडन्या गेल्या शेठ, अंगातलं पाणी बाहेर पडत नाही. काही उपाय नाही.

हे वाक्य मी आधीही उभ्यानं ऐकलंय.

तिच्या वाटणीचं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं मी. पाण्यामागे तीही गेली. फुगतायत ते, आणि तहान काही भागत नाही.

११ मे

एक सकाळी गेला. दुसरा दुपारी, माझ्याकडे बघत.

पंप बंद केला. घर गप्प. घोटाचा आवाजही नाही. गेली का ती? कुठे गेली?

१२ मे

योगिता स्वयंपाकघरात पाणी पीत होती. मी हॉलमध्ये होतो.

लांब थांबणं. एक मोठा घोट. दोन छोटे.

१५ मे

दिवसभर पितेय. पायांवर सूज. जोडवी निघेनात, साबण लावून पाहिला. म्हणते, पप्पा, उन्हाळाच एवढा आहे.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर रिपोर्ट बघत राहिले. इतक्यात असं कसं, म्हणाले. मग तेच. पाणी मोजून द्या.

मी पुन्हा ग्लासावर रेघ मारली.

१७ मे

भर दुपारी ती टाकीवर वाकलेली. तोंड पाण्याला लावून. त्या माशांच्या पाण्याला —

ओढलं मी तिला. वर बघितलं तिनं. पोरगी माझी सुरतेत वाढली, गुजरातीत भांडते, हिंदीत हसते. अहिराणी कधी बोलली नाही. ती म्हणाली, "योगिताना बाप, घोटभर पानी द्या ना."

ही हाक मारणारी एकच होती.

१८ मे

द्यावं तर पोर जाते. न द्यावं तर — पुन्हा नाही म्हणू तिला? त्याच तोंडानं?

सगळे नळ बंद केले. ती भिंतीला टेकून ग्लासाकडे बघतेय. तसंच. अगदी तसंच.

१९ मे

समोर बसलो. म्हटलं, भागीरथी, ही तुझी लेक आहे. तिला सोड. मोजलं मी होतं. माझ्याकडे ये.

तिचा अर्धा राहिलेला ग्लास उचलला आणि तिचं उष्टं पाणी पिऊन टाकलं. आयुष्यभर ती माझं उष्टं खात आली —

पहिला घोट आपोआप तोंडात थांबला.

२१ मे

योगिताची सूज उतरली. जोडवी सैल. फोनवर गुजरातीत कोणाशीतरी हसतेय. चांगलं झालं. फार चांगलं.

अंगठी बोटात रुतलीय. पेन धरवत नाही. टाकीभर प्यालो — पिंपभर — जीभ टाळूला तशीच —

भागीरथी, अगं — एवढी? ही एवढी तहान घेऊन तू आठ महिने माझ्यासमोर, त्या रेघेकडे बघत, एक शब्द न —

मला वाटायचं थोडीशी असेल — थोडी —

घोटभर —