डबीतला दात

३ मार्च
उत्खननातले दात आले एकदाचे! सर म्हणाले, "आधी हात बसू दे. ओळखीच्या दातावर सराव कर, बिघडला तरी कुणी रडणार नाही." माझेच दोन नेले. गेल्या वर्षी डेंटिस्टने उपटलेली दाढ, आणि आईने डबीत जपलेला माझा दुधाचा दात. तो तिला न विचारताच उचलला. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती.

५ मार्च
दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा. ड्रिलचं टोक केसाएवढं. दाताची वाढ ज्या रेषेने झाली तिला धरून कोरायचं, पूड ब्रशने कुपीत लोटायची. एक शिंक आली की सगळी मेहनत पाण्यात! सर मला सुतारीण म्हणतात. म्हणोत बापडे. लहानपणी कुठल्या गावचं पाणी प्यायलो ते दातात कायमचं बसतं आणि ही चिमूटभर पूड ते सांगते, याचं मला अजून नवल वाटतं.

दुधाच्या दाताचं मूळ शाबूत आहे. आपोआप पडला असता तर झिजलेलं असतं. आई सांगते तेच खरं असणार — तीन वर्षांची असताना मी पायरीवरून पडले, तेव्हा तो निघाला.

१० मार्च
निकाल आला. दुधाचा दात अथपासून इतिपर्यंत आमच्या गावच्या पाण्याचा. दाढ मुळाशी आमच्या गावची, पण वरचा भाग, म्हणजे जन्मापासूनची पहिली तीन वर्षं, भलत्याच मुलखातला.

"सुतारीणबाई, दोन माणसांचे दात दिलेत तुम्ही," मशीनवरचा ऑपरेटर म्हणाला. हसलो दोघं. ड्रिलचं टोक मी नीट धुतलं नसेल.

११ मार्च
टोक बदललं. पुन्हा कोरलं.

१३ मार्च
तेच! आकडा न् आकडा तोच.

दाढ माझ्याच तोंडातून निघाली, मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे तीन वर्षांची होईपर्यंत मी या गावात नव्हतेच. मग डबीतला दात कुणाचा?

घरी आल्यावर भिंतीवरचा फोटो काढून आरशासमोर धरला. दोन वर्षांची मी, भुवईत खोल व्रण. माझ्या भुवईत काहीही नाही. "वयाबरोबर बुजला," असं आई नेहमी सांगायची. मला भीती वाटतेय.

१४ मार्च
आई सकाळपासून कपाटं उपसतेय. जेवलीही नाही. शेवटी सांगितलं, दात माझ्याकडे आहे, लॅबमध्ये.

"कोरलास त्याला?"

"अगं, माझाच ना तो?"

ती खाली बसली, रिकामी डबी हातात धरून.

१६ मार्च
दात आणून दिला. आईने कोरलेल्या खाचांवरून अंगठा फिरवला, पदराने पुसला, डबीत ठेवला. मग माझ्या नावाने हाक मारली, "आलीस का गं घरी?"

मी "हो" म्हटलं. तिने वर पाहिलंच नाही. ती डबीशी बोलत होती.