जिना आतून की बाहेरून

चिंचवड, ३ फेब्रु. १९७४
चि. वसंताने दापोडीपर्यंत सगळे पालथे घातले, खोली नाही. कंपनी आहे, ओव्हरटाइम आहे, डोके टेकायला जागा नाही. लग्नाला वर्ष होत आले, नवराबायको अजून आमच्या स्वयंपाकघरात निजतात. तहान लागली तरी मी खाकरून आत जातो. शेवटी गच्चीवरच खोली चढवायची ठरले. विटांचे ओझे स्लॅबला झेपायचे नाही, म्हणून कंपनीत यंत्रे येतात त्या खोक्यांच्या फळ्या. वास घेत बसलो. कुठल्या परदेशी रानातले झाड, आणि शेवटी आमच्या गच्चीवर...

१० फेब्रु.
इब्राहिम सुताराचा हातोडा वृत्तात पडतो. शाळेतली कविता त्यावर म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्याला दोघेही अडलो. एका फळीवर काचेच्या पेल्याचे चित्र, जपून न्या म्हणून. ती दाराला लावायला सांगितली. सौ.चा दोडक्याचा वेल पत्र्यावर सोडायचा, ऊन तेवढेच कमी.
इब्राहिम : "बोला की अण्णा, जिना आतनं का बाहेरनं?"
हसण्यावारी नेले. बाहेरून जिना म्हणजे वेगळी चूल, हे त्यालाही कळते.

१४ फेब्रु.
वाटले, सूनबाईला बाहेरूनच हवा असेल. विचारले तर डोळ्यांत पाणी. "आतूनच असू दे, अण्णा. हे रात्रपाळीला गेले की मी वर एकटी."
आणि सौ. म्हणते, "बाहेरून काढा. माझी सासू दिवसभर उंबऱ्यात बसलेली असायची. हिला तरी..." इतक्या वर्षांत हे कधी म्हणाली नव्हती.
वसंता : "तुम्ही म्हणाल तसं." मी काय म्हणतो तेच तर...

१७ फेब्रु.
उद्या सकाळी जिना सुरू, इब्राहिमला उत्तर हवे. निवांत विचार करावा म्हणून शिडीने वर आलो. नव्या खोलीतून डोंगर दिसतात. डोळा लागला. जागा झालो तर शिडी नाही. मी वर आहे हे ठाऊक नसल्याने इब्राहिम घेऊन गेला.
खाली दोघी पोट धरून हसताहेत.
सूनबाई : "अण्णा, शेजारची शिडी आणू, की ताट वर पाठवू?"
सौ. : "पाठव गं वरच. बघू देत कसं वाटतं ते."
बादलीला दोरी बांधून ताट आले. गरम आहे. मीठ विसरल्या. आवाज पोचेल खाली, पण मिठासाठी हाक कुणाला मारावी, सौ.ला की सूनबाईला, सुचत नाही.