डोक्यावरचा पदर

पोखर्णी, रविवार, मार्गशीर्ष

पदराची ती हालचाल डोक्यातून जात नाही.

सकाळी मालवणहून लेकीचा, रेवतीचा फोन. ती प्रवाळातल्या माशांवर संशोधन करते. म्हणाली, "आई, कळपातला नर मेला की वाढून सगळ्यात मोठी झालेली मादीच नर होते. वागणं लगेच बदलतं, शरीर मागाहून." मी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाले, पण हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारी जावेच्या, सुलोचनेच्या नातवाचं बारसं होतं. हे गेल्यापासून शेत, गडी, बाजार मीच बघते. दिरांनी माझं ताट पुरुषांच्या पंगतीत मांडलं. "वहिनी, आता तुमीच घरच्या कर्त्या. इथं बसा." बसले. नाही म्हणायला हवं होतं का?

जेवून स्वयंपाकघराकडे गेले. आत बायका खिदळत होत्या, सुलोचना सगळ्यात मोठ्यानं. मी उंबऱ्यात आले आणि सगळ्या गप्प. सुलोचनेनं पदर डोक्यावर ओढला. ह्यांच्यासमोर ओढायची, अगदी तसाच. तीस वर्षं एका चुलीपाशी बसलो आम्ही!

"अगं, मीच आहे."

"काही पाहिजे व्हतं का, अक्का?" खाली बघूनच बोलली.

काही नको म्हणून परतले.

आत्ता रेवतीला विचारलं, तो मासा पुन्हा मादी होतो का?

"काही जातींत होतो. पण त्याच्याहून मोठा नर आला तर. का गं?"

सहज, म्हणाले.

या घरात माझ्याहून मोठं आता कुणी नाही.