राजूने अंग झाडलं नाही

७ एप्रिल
राजूला गूळ चारला. येत्या रविवारी वाघजाईच्या जत्रेत त्याचा बळी! नवसाच्या बोकडाला नाव ठेवू नये, हे माझ्या आरोहीला कोण सांगणार? पाच वर्षांची पोर. आता अख्खं घर त्याला राजूच म्हणतं.

नवस सासूबाईंचा. गेल्या वर्षी मामंजींच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, तेव्हा बोलल्या — मालक धड घरी आले तर बोकड देईन. मालक धड घरी आले. राजूला कुणी विचारलं नाही.

८ एप्रिल
शेजारचे फार्महाऊसवाले कौस्तुभदादा दूध न्यायला आले. राजूचं कळल्यावर त्यांचा चहा तसाच गार झाला. मुक्या जिवाला मारणं वाईट, हे स्वयंसिद्ध आहे म्हणाले. त्याला पुरावा लागत नाही. मामंजी म्हणाले, बोललेला नवस फेडायचा, ह्यालाही पुरावा लागत नाही. दोघंही अगदी शांत. कुणालाच शंका नाही!

मला दोन्ही पटलं. म्हणजे खोट माझ्यातच असणार.

९ एप्रिल
राजूने माझा नवा परकर खाल्ला. घटकाभर नवसच बरोबर वाटला.

१२ एप्रिल
जत्रा. आमच्याकडे बोकडावर पाणी ओततात. त्याने अंग झाडलं की देवीने घेतला, मग पुढचं. कुशाबा भगतांनी तांब्या ओतला. राजू उभाच! पुन्हा ओतला. राजू रवंथ करतोय. सासूबाई रडकुंडीला — आई, काय चुकलं असंल तर पोटात घाल. मी डोळे मिटून काय मागत होते, ते इथेही लिहीत नाही.

तिसऱ्या तांब्यानंतर कुशाबा म्हणाले, "आईला नगं हाय. सोडा तिच्या नावानं."

लगेच सगळ्यांच्या माना डोलल्या. हे तर उघडच होतं म्हणे! कौस्तुभदादा तर देवीच आपल्या बाजूची निघाल्यासारखे हसत होते. सासूबाईंनी नारळ फोडला. वर्षभराचं ओझं उतरलं म्हणाल्या, देवीनं ऐकलं. मी वाटेत पोटभर रडले. आनंदानेच.

१५ एप्रिल
देवीला सोडलेल्या बोकडाला बांधायचं नसतं, हाकलायचं नसतं. राजूला हे पक्कं कळलंय. कौस्तुभदादांची जास्वंद गेली, लॉन गेलं, योगासनांच्या चटईचा कोपरा गेला. आज हळूच विचारत होते — देवीला परत एकदा विचारायची काही सोय असते का? स्वयंसिद्धाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. चहा दिला. आज गरम असतानाच प्यायले.

१६ एप्रिल
चिखलात लोळून आला म्हणून राजूला आंघोळ घातली. पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं खाली! हात लावला तर मानेपासून पाठीपर्यंत गोडेतेल चोपडलेलं. साबणाने घासलं, पुन्हा पाणी ओतलं — आणि त्याने शिंगांपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की मी नखशिखांत भिजले.

मागे मामंजी उभे होते. जुनं धोतर पुढे केलं.

"लवकर पूस, पोरी. तुज्या सासूनं बगितलं तर पुना जत्रंला न्हील. माज्या जिवापायी त्येचा जीव... मला न्हाई पटलं. पन तिला कसं सांगू?"

पुसला.